सहाच्या आधीचा निरोप

माझा डॅड संध्याकाळी सहाच्या आधी कुणालाही फोन करत नाही. एके काळी सहानंतर फोन स्वस्त पडायचा. ते दर बंद होऊन जमाना झाला, आता महिन्याचं बिल भरलं की दिवसभर बोलत बसा. पण आमच्या खोऱ्यातली त्याच्या वयाची माणसं अजूनही आधी घड्याळाकडे बघतात आणि मग फोनला हात लावतात. त्यामुळे आमच्याकडे दिवसाउजेडी फोन वाजला की उचलणारा "हॅलो" म्हणत नाही, "कोण गेलं?" असं विचारतो. आई गेली तेव्हा डॅडनं मला दुपारी फोन केला होता. त्याचं पहिलं वाक्य होतं, "नेल, अशा वेळी फोन करतोय, राग मानू नकोस."

माझ्या नवऱ्याला, एड्रियनला, हे सगळं लग्नानंतर शिकावं लागलं. तो दक्षिणेकडचा. तिकडची माणसं मनात आलं की फोन करतात आणि मनात असेल तेच बोलतात.

एड्रियन आमच्या गावच्या शाळेत शिकवतो. मेच्या अखेरीस शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही पोर्तुगालला, पोर्तोत राहणाऱ्या त्याच्या बहिणीकडे, इमोजेनकडे, गेलो. आमच्या लेकीला, विनीला, तेव्हा नुकतंच बसता येऊ लागलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी एड्रियननं घरच्या फोनला एक नवी सोय जोडून घेतली. आमच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही, ज्याला आम्ही हवे असू त्याला घरच्या फोनवरच यावं लागतं. आम्ही नसताना कुणी त्यावर निरोप ठेवला की यंत्र तो ऐकून लिहून काढणार, आणि आम्ही जगात कुठेही असलो तरी तो लिहिलेला निरोप माझ्या मोबाइलवर येणार.

"नुसता ऐकता आला असता की," मी म्हटलं.

"ऐकायला शांतता लागते आणि एक हात मोकळा लागतो," तो म्हणाला. "तुझ्याकडे यातलं काय आहे?"

त्याचं बरोबर होतं. विनी माझ्या अंगावरच झोपायची. कुणाचा आवाज कानावर पडला की डोळे टक्क उघडे. वाचणं मात्र चालायचं. तिचं डोकं माझ्या गळ्याशी, माझा अंगठा मोबाइलवर, आणि दोघींचा श्वास एका लयीत.

डॅडला आम्ही सांगितलं होतं, की घरच्या फोनवर निरोप ठेवता येतो. तो लिहून निघतो आणि माझ्यापर्यंत पोहोचतो, हे सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही. विनीचे कपडे भरता भरता राहिलं.

डॅडचं शेत आमच्या घरापासून वर, रस्ता संपतो तिथे. रोज संध्याकाळी खाली येऊन आमच्या कोंबड्या आत घालायच्या, मांजराला खायला द्यायचं, असं त्यानं कबूल केलं होतं. परदेशात फोन करणं त्याच्या हिशोबात बसत नाही, ते फक्त मरणासाठी. म्हणून तो आपल्या घरी परतला, की आमच्या रिकाम्या घरातल्या फोनवर त्या दिवसाचा अहवाल ठेवायचा. आम्ही परतल्यावर सगळं ओळीनं ऐकू, अशी त्याची समजूत.

पहिला निरोप आला तो असा.

"नॉर्मन रेन बोलतोय. कोंबड्या आत गेल्या. तांबडी रुसलेली आहे. बाकी काही नाही. बरं."

फोन ठेवताना तो "भेटू", "येतो" असलं काही म्हणत नाही. "बरं" म्हणतो आणि ठेवतो. निरोपाच्या वर यंत्रानं वेळ घातली होती. सहा वाजून थोडी मिनिटं.

इमोजेन हसून हसून पडली. "तुझे वडील रिकाम्या घराला स्वतःचं पूर्ण नाव सांगतात?"

"घरानं विचारलं, कोण बोलतंय, तर?"

दुसऱ्या दिवशीचा जरा मोठा होता. तिसऱ्या दिवशीचा आणखी. रिकाम्या घराशी बोलायची त्याला हळूहळू सवय लागत होती. "विनीच्या उंच खुर्चीवर मांजर बसलं होतं. हाकलणार होतो, पण तेही वाटच बघत असेल, म्हणून राहू दिलं." पुढच्या संध्याकाळी: "तुमच्या स्वयंपाकघरात थोडा बसलो. घड्याळ पुढे आहे तुमचं. तुझ्या आईचंही असंच असायचं, तिला कुठेही लवकर पोहोचायचं असायचं."

हे मी एड्रियनला आणि इमोजेनला वाचून दाखवलं नाही. विनीच्या केसांत नाक खुपसून पुन्हा एकदा वाचलं. आईबद्दल डॅड माझ्याशी इतकं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. समोरासमोर आम्ही मेंढरांबद्दल बोलतो. मेंढरांबद्दल बोलताना बाकीचं सगळं त्यात येतं असं आम्ही दोघं धरून चालतो.

"तू हे वाचतेस हे त्याला सांग ना," एड्रियन म्हणाला.

"सांगितलं तर परत कोंबड्यांवर येईल."

"पण हे खिडकीतून डोकावल्यासारखं आहे."

"सांगेन. परत गेल्यावर."

मग मंगळवार उजाडला. इमोजेनच्या गच्चीवर कपडे वाळत घातले होते, खाली गल्लीत कुणीतरी सार्डिन भाजत होतं. विनी माझ्या मांडीवर पावाचा तुकडा चोखत बसली होती. मोबाइल थरथरला.

"नॉर्मन रेन बोलतोय. विशेष काही नाही. शुक्रवारी इस्टेटीकडून पिकर्सगिल येणार आहे, जरा बोलायला. फ्लाय ठीक आहे. काळजीचं काही नाही. आल्यावर फोन कर, घाई नाही. बरं."

फ्लाय म्हणजे त्याची कुत्री. पिकर्सगिल म्हणजे आमची जमीन ज्या जमीनदाराच्या इस्टेटीची, आम्ही जिची कुळं, तिचा कारभारी.

एड्रियननं माझ्या खांद्यावरून वाचलं. "सगळं ठीक दिसतंय."

"वर बघ."

"कुठे वर?"

"वेळ बघ."

तो वाकला. "साडेदहा." मग माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तो आमच्यातला झाला होता. "सकाळचे?"

"सकाळचे."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. अजून तरी."

मला शंका नव्हती. डॅडचा आवाज कानांनी ऐकला असता तर मी फसले असते. त्याला सपाट आवाजात बोलता येतं, पाय मोडलेला असतानाही "जरा लचकलाय" म्हणता येतं. पण कागदावर आवाज नसतो. उरतात शब्द आणि शब्दांच्या वरची वेळ. शब्द त्यानं जपून निवडले होते. वेळ त्याच्या हातून निसटली होती. "काळजीचं काही नाही" हे डॅड एरवी बोलत नाही, काळजीचं नसलं की तो त्याबद्दल बोलतच नाही. आणि फ्लाय ठीक आहे हे कुणी विचारलं होतं? कुत्रा ठीक आहे असं आमच्याकडे माणूस सांगतो, ते माणूस ठीक नसतो तेव्हा.

"पिकर्सगिल जूनमध्ये कधी येत नाही," मी म्हटलं. "तो एकतर मार्चमध्ये खंड घ्यायला येतो, नाहीतर कुणी शेत सोडणार असेल तेव्हा."

एड्रियन काही बोलायच्या आत मोबाइल पुन्हा थरथरला. पहिल्यानंतर लगेचच त्यानं परत फोन लावला होता. या वेळी नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

"मघाशी सगळं सांगितलं नाही. मी शुक्रवारी शेत सोडल्याची सही करणार आहे. त्यांना वरच्या बाजूला झाडं लावायची आहेत, आणि मला गुडघे नाहीत आता. मेंढरं बाजारात जातील. तुला विचारणार होतो. वसंतात कोकरं काढताना रोज विचारणार होतो. तू विनीला पाठीवर बांधून वर यायचीस, तेव्हा तर तोंडापर्यंत आलं होतं. पण विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. तुझं लेकरू लहान आहे. तू हे ऐकशील तेव्हा झालेलं असेल. मग त्यावर वाद नको घालूस. तुझ्या आईनं घातला असता. बरं."

विनीनं पाव खाली टाकला आणि माझी बाही ओढली. मी तिला उचलून छातीशी धरलं. माझं डोकं एकदम स्वच्छ होतं.

आमच्या डोंगराला कुंपण नाही. वर गेलं की चारी दिशांना नुसतं गवत आणि वारा. तरी आमची मेंढरं आमच्याच बाजूला चरतात, शेजाऱ्यांची त्यांच्या बाजूला. कारण प्रत्येक मेंढी आपल्या आईच्या पोटाला लागून चालत तो पट्टा शिकलेली असते. कुठे थांबायचं, वादळात कुठल्या दगडाआड जायचं, पाणी कुठे. तिची आई तिच्या आजीकडून शिकलेली. असा कळप एकदा विकला की तो डोंगर गेला. बाहेरून आणलेली मेंढरं तिथे टिकत नाहीत, भटकत पार दुसऱ्या परगण्यात जातात. म्हणून आमच्याकडे शेत दुसऱ्या कुळाकडे गेलं तरी मेंढरं शेताबरोबर राहतात. हा कळप आमच्या आधीपासून तिथे आहे आणि शुक्रवारी तो संपणार होता.

आणि तो संपणार होता तो आम्हा दोघांच्या सभ्यपणामुळे. मी कधी शेत मागितलं नाही, कारण मागणं म्हणजे "तुझे आता दिवस भरले" असं बापाला तोंडावर सांगणं. त्यानं कधी दिलं नाही, कारण देणं म्हणजे पोरीवर ओझं टाकणं. दोघंही वाट बघत होतो, समोरच्यानं आधी बोलावं म्हणून. आमच्या खोऱ्यात यालाच चांगलं वळण म्हणतात.

"एड्रियन," मी म्हटलं, "मला शेत हवंय."

"मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"मी लग्नाच्या वेळीच धरून चाललो होतो. तुम्हा दोघांनाच कुणी सांगितलं नव्हतं."

"तुला मेंढरांतलं काही कळत नाही."

"कातरणीच्या दिवशी चहा कुणी केला गेल्या वर्षी?"

"बेचव होता."

"तरी चार किटल्या संपल्या." त्यानं विनीला माझ्याकडून घेतलं. "मी थट्टा करत नाही, नेल. शाळा मी सोडणार नाही, पगार लागेल. विनीला सकाळचं मी बघेन. कोकरांच्या महिन्यात तू मला दिसणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. आता फोन कर."

"आत्ता? सहाच्या आधी?"

"तोच तर मुद्दा आहे."

बारा वाजेपर्यंत कळ काढून मी नंबर लावला. डॅड बारा वाजता जेवायला आत येतो, बूट दाराशी काढतो, रेडिओवर हवामान ऐकतो. फोन बराच वेळ वाजला. त्यानं उचलला आणि म्हणाला, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, डॅड. मी नेल."

"विनी?"

"विनी तिच्या बापाचं नाक ओढतेय."

"मग अशा वेळी कशाला? तेही तिकडून?"

"तू सकाळी केलास म्हणून."

रेडिओ बंद झाला. मला फ्लायची नखं फरशीवर वाजलेली ऐकू आली.

"मी तुमच्या घरी केला होता," तो म्हणाला. "तुला नाही."

"घरी केलेलं इथे येतं. लिहून."

"कोण लिहितं?"

"यंत्र."

"तिथे बाई बसलेली असते का कुणी?"

"बाई नाही. नुसतं यंत्र. तू बोललास की ते लिहितं आणि मला पाठवतं."

"सगळं?"

"सगळं."

"मांजराचंसुद्धा?"

"मांजराचंसुद्धा. घड्याळाचंही."

मग खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "आणि आज दुसऱ्यांदा केलेला?"

"तोही."

इतकी लांब शांतता मी फोनवर कधी ऐकली नव्हती, आणि ती कुठल्याही यंत्राला लिहिता आली नसती. मी ती मोडली नाही. डॅडला डोंगरावर शोधायचं असेल तर त्याच्या मागे धावायचं नसतं, उभं राहायचं असतं.

"हे बरं नाही, नेल," शेवटी तो म्हणाला. "माणूस रिकाम्या घराशी काही बोलला तर ते घरानं घरातच ठेवावं."

"आधी सांगायला हवं होतं. चुकलंच."

"चुकलंच."

"पिकर्सगिल शुक्रवारी कधी येणार?"

"सकाळी. का?"

"एक कप जास्त काढ."

"तू पोर्तुगालला आहेस."

"शुक्रवारी नसेन."

"नेल, लेकरू लहान आहे."

"मीही लहान होते. मला पाठीवर कोणी नेलं वर? तू मला त्या फुटक्या टोपलीत बसवून नेलंस, आणि आईनं तुझ्याशी दोन दिवस अबोला धरला."

"टोपली फुटकी नव्हती," तो म्हणाला. "बाजूनं जरा उसवली होती."

"डॅड, तू विचार."

"काय विचारू?"

"जे वसंतात रोज विचारणार होतास ते."

मला वाटलं तो ठेवेल. "बरं" म्हणेल आणि ठेवेल. गच्चीवर चादरी फडफडत होत्या. एड्रियन पाठमोरा उभा राहून विनीला नदीवरची होडी दाखवत होता आणि एक अक्षरही न ऐकल्याचं ढोंग करत होता.

"नोव्हेंबरात मेंढे सोडायचे आहेत," डॅड म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "कुठला मेंढा कुठल्या मेंढ्यांवर, ते कुणीतरी ठरवायला हवं. पुढच्या वर्षाचा विचार करून. त्याच्याही पुढच्या. तुला वेळ असेल का?"

आमच्याकडे यापेक्षा उघडपणे कुणी शेत देत नाही.

"असेल," मी म्हटलं.

"एड्रियनला विचारलंस?"

"तो चहा करणार आहे."

"देव वाचवो," डॅड म्हणाला. मग, "हा फोन महाग पडत असेल तुला."

"पडू दे."

"बरं," तो म्हणाला आणि ठेवला.

त्या संध्याकाळी सहानंतर निरोप आला. "नॉर्मन रेन बोलतोय. तू हे वाचतेस हे आता माहीत आहे, तेव्हा नीट बोलतो. कोंबड्या आत गेल्या. तांबडी अंड्यावर बसलीय, रुसलेली नव्हती. यंत्राला म्हणावं, मधे मधे शब्द गाळू नकोस." मग काही ओळी रिकाम्या होत्या. बहुतेक तो नुसताच फोन धरून उभा होता. शेवटी, "बरं."

तिकिटं बदलून आम्ही गुरुवारी परतलो. इमोजेननं विमानतळावर विनीचे मुके घेतले आणि मला म्हणाली, "तुमच्या घराण्यात एकमेकांशी बोलायला परदेशात जावं लागतं." मी नाही म्हटलं नाही.

शुक्रवारी पिकर्सगिल आला. उंच, वाकलेला, बुटांना चिखल लागू नये म्हणून अंगणातून बगळ्यासारखा चालणारा. डॅडनं आईचे चांगले कप काढले होते. मी विनीला मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसले.

"मिस्टर रेन, मला वाटलं आपण दोघंच बोलणार आहोत," पिकर्सगिल म्हणाला.

"माझी मुलगी. यापुढे तिच्याशी बोला. मी तिच्या हाताखाली असेन."

"म्हणजे तुम्ही सोडत नाही आहात?"

"गुडघे सोडतोय. शेत नाही."

पिकर्सगिलनं माझ्याकडे बघितलं, विनीकडे बघितलं. विनीनं त्याचं पेन धरलं. "मॅडम, तुम्हाला काम माहीत आहे ना? इस्टेट ते विचारेल."

"इस्टेटीला म्हणावं, हिवाळ्यात वर येऊन बघा," मी म्हटलं. "पंधरा वर्षांची असल्यापासून याच कळपाची कोकरं काढते मी. झाडं खालच्या ओढ्याकाठी लावा, तिथे मेंढरं जात नाहीत. वर लावलीत तर पहिल्या हिवाळ्यात वारा उपटेल."

त्यानं ते लिहून घेतलं. इस्टेटीत त्याच्या वर काही माणसं आहेत, त्यांना पटवावं लागेल, कागद नवे करावे लागतील, असं तो म्हणाला. ते पुढे झालंही, थोडी ओढाताण होऊन. पण त्या दिवशी जुन्या कागदावर सही झाली नाही, आणि तेवढंच हवं होतं.

उठताना तो मला म्हणाला, "तुम्ही परदेशात होतात असं ऐकलं. बरं झालं वेळेवर कळलं."

"मी तिला लिहून कळवलं," डॅड म्हणाला. शाळा सुटल्यापासून त्यानं नाताळच्या कार्डाखेरीज काही लिहिलेलं नाही. माझ्याकडे न बघता त्यानं कप उचलले.

आम्ही परतल्यावर एड्रियन ती सोय बंद करणार होता. मी करू दिली नाही, घरच्या वाय-फायवर निरोप इथेही मोबाइलवर येतो. विनी अजूनही माझ्या अंगावरच झोपते, आणि दुपारी फोन वाजला तर मी उठत नाही, वाजू देते.

काल दुपारी तसाच वाजला आणि थांबला. विनीचं डोकं माझ्या गळ्याशी होतं. मी अंगठ्यानं मोबाइल उघडला. आधी वर बघितलं. तीन वाजून गेले होते. सहाला अजून खूप अवकाश. माझा श्वास अडकला, विनी झोपेत चुळबुळली.

खाली लिहिलं होतं, "विशेष काही नाही. दात आला का तिला? बरं."